मोठ्या नावाच्या आधीचे तीन तास

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपला पेपर आमच्या घरी वडिलांच्या काळापासून येतो पण पत्र मी पहिल्यांदाच लिहितोय, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या, कात्री लावायची तर लावा, फक्त मधला मैदानाचा भाग तेवढा ठेवा ही विनंती. मी साऊंडवाला आहे. सोलापुरात 22 वर्षं झाली साऊंड लावतोय, आधी वडिलांच्या हाताखाली भोंगे आणि ॲम्प्लिफायर उचलायचो, मग स्वतःचं दोन स्पीकर पेट्यांचं सेटअप घेतलं, आता कर्ज काढून डिजिटल मिक्सर घेतलाय. गणपती, लग्न, सभा, कीर्तन, ऑर्केस्ट्रा सगळं केलं, आणि गेली सात-आठ वर्षं हे फेस्टिवल नावाचं जे सुरू झालंय तेही करतो. म्हणजे बघा, लोक स्टेजकडे तोंड करून बसतात, मी पण स्टेजकडेच तोंड करून असतो, पण माझं निम्मं लक्ष पब्लिकच्या पाठीवर असतं कारण मिक्सर मागे असतो. त्या पाठी बघून बघून मला जे कळलंय ते लिहितोय.

फेस्टिवल म्हटलं की पहिला प्रश्न एकच, "कोण येणार?" पोस्टरवर एक मोठा फोटो, मुंबईचा कोणीतरी, टीव्हीवरचा किंवा सिनेमातला. इंग्रजीत हेडलायनर म्हणतात, आम्ही मेन आर्टिस्ट म्हणतो. खाली बारीक अक्षरात "तसेच स्थानिक कलाकारांचे सादरीकरण". नाव नाही, वेळ नाही. वेळ लिहिलेली असते ती एकच, सायंकाळी 6. आता पब्लिकला वाटतं सहाला मेन आर्टिस्ट येणार, म्हणून बाया लेकरं घेऊन साडेपाचलाच पुढची जागा धरतात, आणि तो येतो साडेनऊला. मधले तीन-साडेतीन तास काय, तर तसेच स्थानिक कलाकार.

माझं सगळं म्हणणं या तीन तासांबद्दल आहे. नाव गर्दी खेचतं, बरोबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही, मोठ्या कलाकाराला लोकांनी जीव लावलाय म्हणूनच ते येतात. पण आलेली गर्दी सांभाळतो तो आधीचा कलाकार. त्याला तुम्ही भरती म्हणून वापरलात तर गर्दी गर्दी राहत नाही, दाब होते. हे मी पुस्तकातलं नाही सांगत, बघितलेलं सांगतोय.

आधी आकड्याचं बोलतो कारण तुमच्या पेपरातही आकडे येतात. "पन्नास हजार सोलापूरकर थिरकले" अशी बातमी मी दोन-तीन वेळा वाचली आणि त्या कार्यक्रमाला मीच साऊंड लावलेला होता. आम्हाला स्टेजपासून मिक्सरपर्यंत केबल टाकायची असते, मागच्या टॉवरपर्यंत टाकायची असते, त्यामुळे मैदानाचं माप आम्हाला मीटरात पाठ असतं. समजा मैदान शंभर मीटर बाय साठ मीटर. झाले 6000 चौरस मीटर. त्यातून स्टेज, ग्रीनरूम, जनरेटर, पुढचा बॅरिकेडमधला मोकळा पट्टा, सोफे, खाऊगल्लीचे स्टॉल, मधल्या वाटा काढा, उरतात फार तर 4000. एका चौरस मीटरात दोन माणसं असली तर आरामात उभी राहतात, म्हणजे आठ हजार. चार असली की खांद्याला खांदा, म्हणजे सोळा हजार. पन्नास हजार म्हणायचं तर एका चौरस मीटरात बाराच्या वर माणसं पाहिजेत, आणि बारा माणसं एका चौरस मीटरात जिवंत राहत नाहीत. जगभरात गर्दीचा अभ्यास करणारे सांगतात की चारच्या पुढं काळजी सुरू होते, पाच-सहाला तर माणूस स्वतःच्या पायानं चालतच नाही, गर्दी पाण्यासारखी हलते आणि तो तिच्याबरोबर वाहतो. अशा ठिकाणी लोक बहुतेक वेळा तुडवून मरत नाहीत, उभ्या उभ्या मरतात, छातीवर दाब येऊन फुगायला जागा राहत नाही म्हणून. चेंगराचेंगरी हा शब्द आपण वापरतो त्यातला चेंगरा हाच खरा.

तर साहेब, पन्नास हजार छापल्यानं काय होतं? पुढच्या वर्षी दुसरा आयोजक म्हणतो मागल्या वर्षी त्याच्याकडं पन्नास आले होते, आपल्याकडं साठ आले पाहिजेत. मैदान तेवढंच, गेट तेवढेच, नाव अजून मोठं.

आता दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आयोजकाचं नाव लिहित नाही, मैदानाचंही नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. सोलापुरातलाच कार्यक्रम, मेन आर्टिस्ट मुंबईचा, सहाची वेळ. दुपारी चारला साऊंडचेक, म्हणजे आधी माईक-आवाज जुळवून बघणं, ठरलेला, मेन आर्टिस्टची टीम आली सव्वापाचला, त्यांचा इंजिनियर त्यांचा मिक्सर घेऊन आला, त्यांचं चालू असताना गेट उघडले, त्यामुळं आमच्या लोकल पोरांना साऊंडचेक मिळालाच नाही. पहिले हलगीवाले होते. हलगीला काय माईक नसला तरी चालतंय, पोरांनी दहा मिनिटांत मैदान उभं केलं, म्हातारे लोक सुद्धा खुर्चीवरून उठले. मला वाटलं आज छान होणार. मग एक तबला-पेटीचा कार्यक्रम, मग दोन शाळांचे डान्स, मग एक मुलगी होती अकरावीतली, अभंग म्हणणारी. निळी साडी, आईनं गजरा माळलेला. तिचे वडील माझ्या मिक्सरजवळ येऊन उभे राहिले, मोबाईल धरून, म्हणाले दादा आवाज जरा नीट ठेवा की ओ, पोरीला ताप होता काल.

ती तुकोबांचा अभंग म्हणत होती. सात वाजून चाळीस मिनिटं. पब्लिक दोन तास बसलेलं, पुढं सोफे रिकामे, कारण सोफ्यावरचे लोक मेन आर्टिस्टच्या वेळेलाच येतात, म्हणजे स्टेज आणि पब्लिक यांच्या मधे पंधरा-वीस मीटर रिकामा सोफा. गाणाऱ्याला समोर माणूस दिसत नाही. मागनं पोरं मेन आर्टिस्टच्या नावानं ओरडायला लागली. पाच-पन्नास असतील, पण ओरडणं पसरतं. ती डोळे मिटून म्हणत होती. तेवढ्यात आयोजकांचा एक माणूस पळत आला, मला म्हणाला बंद कर तिला, पब्लिक खवळायलंय. मी म्हणलं दोन मिनिटांत संपंल. तो म्हणाला बंद कर, नायतर बिल विसर. आणि मी मिक्सरवरचा तिच्या आवाजाचा फेडर खाली ओढला. माझ्या हातानं. हे मला लिहायचंच होतं म्हणून लिहिलं.

त्यानंतर जे झालं ते सांगतो. स्टेज रिकामं. मेन आर्टिस्ट हॉटेलवरून निघालेला नाही. पब्लिकला धरून ठेवायला माझ्याकडून ट्रॅक लावून घेतले, त्याचीच गाणी, मोठ्यानं. आता विचार करा, रिकाम्या स्टेजवर त्याची गाणी वाजतायत, लाईट फिरतायत, मागच्या माणसाला वाटतं आलाच तो. मागून पुढं सरकायला सुरुवात झाली. असं जवळजवळ दीड तास. बाहेर गेटवर ज्यांना सातला यायचं नव्हतं ते सगळे साडेआठला एकदम आले. मी मिक्सरवरून बघतोय, पुढची डोकी एकदा डावीकडं हलली, मग उजवीकडं, ज्वारीचं रान वाऱ्यानं हलतं तशी. मला तेव्हा त्याचा अर्थ माहीत नव्हता, आता माहीत आहे, माणसं स्वतः हलत नव्हती. बॅरिकेडच्या पाईपला टेकलेल्या बायकांनी लेकरं वर उचलून पलीकडं वॉलंटियरच्या हातात दिली. मी मोजली नाहीत पण सात-आठ तरी लेकरं गेली अशी हातोहात. एक बाई आणि एक पोरगा बेशुद्ध. मग मेन आर्टिस्ट आला, नऊ वाजून दहा मिनिटांनी, आणि दहाला बंद करायचं असतं म्हणून पन्नास मिनिटांतली पंधरा नमस्कार-सत्कारात गेली, पस्तीस मिनिटं गायला. गायला चांगला, मेहनती माणूस आहे, त्याला आत काय झालं ते कोणी सांगितलेलंही नसणार. कोणी दगावलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी बातमी आली ती थिरकल्याचीच.

दगावलं नाही हे नशीब. 2023 च्या नोव्हेंबरला केरळात कोचीच्या विद्यापीठात असंच टेकफेस्टला गाण्याचा कार्यक्रम होता, निखिता गांधी गाणार होती, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी पाऊस आला, बाहेर थांबलेली पोरं आडोशाला म्हणून गेटकडं पळाली, खाली उतरणाऱ्या पायऱ्या होत्या, चार जण गेले. गाणं सुरूच झालं नव्हतं. त्याच्या आधी 2021 ला अमेरिकेत ह्यूस्टनला ॲस्ट्रोवर्ल्ड म्हणून फेस्टिवल, ट्रॅव्हिस स्कॉट मेन आर्टिस्ट, पन्नास हजाराचं पब्लिक, आणि तो यायच्या आधी स्टेजवर घड्याळ लावलेलं, उलटे आकडे मोजणारं. म्हणजे आमच्या मैदानावर ट्रॅक वाजवत होते तसंच, फक्त महाग. दहा माणसं मेली, सगळ्यात लहान नऊ वर्षांचा. ते वाचलं तेव्हा मला आमच्या मैदानावरची हातोहात गेलेली लेकरं आठवली आणि जेवण गेलं नाही.

आता कोणी म्हणेल मोठ्या नावाला गर्दी होणारच, त्याला काय करणार. तर आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला या. संक्रांतीला सोलापुरात जेवढे लोक रस्त्यावर असतात तेवढे कुठल्याच आर्टिस्टला येत नाहीत. सात नंदीध्वज म्हणजे उंच मानाच्या काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतले हजारो मानकरी, अडुसष्ट लिंगांची फेरी, संमती कट्ट्यावर अक्षता. धक्काबुक्की तिथंही होते, नाही म्हणत नाही. पण माझ्या आजीला सुद्धा माहीत होतं कुठली काठी किती वाजता कुठल्या चौकात येणार, आणि आम्ही लहानपणी एकाच ठरलेल्या ओट्यावर थांबायचो, तो ओटा सोडून पळायचं कारणच नव्हतं कारण काठ्या आमच्यासमोरून जाणार हे नक्की होतं. लोक वाटेवर पसरलेले असतात. फेस्टिवलला सगळ्यांना एकाच जागेकडं, एकाच माणसाकडं, एकाच न सांगितलेल्या वेळेला जायचं असतं. फरक एवढा आहे.

आणि गाण्याचंच उदाहरण पाहिजे तर पुण्याचं सवाई, म्हणजे सवाई गंधर्व महोत्सव. भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ 1953 ला सुरू केलं. त्यांच्यापेक्षा मोठं नाव त्या मांडवात दुसरं कुठलं? तरी ते स्वतः शेवटी गायचे, आणि त्यांच्या आधी नवी पोरं-पोरी, वेगवेगळ्या घराण्यांचे, नाव न ऐकलेले कलाकार. लोक भीमसेनजींसाठी यायचे आणि येता येता चार नवीन गळे ऐकून जायचे, त्यातले काही पुढं स्वतः मोठे झाले. मी 2019 ला मुकुंदनगरला गेलो होतो, कामाला नाही, ऐकायला, आमचे एक तबल्याचे मास्तर घेऊन गेले. पहिल्या कलाकाराचं नाव मला माहीत नव्हतं, माझ्या शेजारच्या काकूंना पण नव्हतं, पण मांडवात बसायला नीट होतं, वेळापत्रक हातात होतं, आवाज शेवटच्या रांगेत स्वच्छ येत होता. काकू डबा उघडून मला चकली देऊन म्हणाल्या ऐका, हा पुढं जाणार. मी सगळ्यात जास्त लक्ष दिलं ते आवाजाकडं, धंदाच तो आहे. इंग्लंडात ग्लॅस्टनबरी म्हणून मोठा फेस्टिवल आहे, तिथं तर कोण येणार हे जाहीर व्हायच्या कितीतरी आधीच तिकिटं संपतात. लोकांचा भरवसा फेस्टिवलवर बसलाय. सवाईचं तेच. आपल्याकडं भरवसा बसवायला कोणी थांबतच नाही, दरवर्षी नवीन नाव, नवीन फोटो.

आवाजाचं थोडं सांगू द्या कारण हे कोणीच बोलत नाही. पब्लिक पुढं का ढकलतं? बघायला, हे खरं, पण निम्मं ऐकायला. स्टेजवरचे स्पीकर पुढच्या माणसाच्या कानठळ्या बसवतात आणि साठ-सत्तर मीटरवर शब्द कळत नाहीत, उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं पडतो. याला उपाय म्हणजे मधे टॉवर उभा करून त्यावर स्पीकर, आणि त्याला डिले द्यायचा, कारण आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे 34 मीटरवरच्या टॉवरला एक दशांश सेकंद उशीर द्यावा लागतो, नाहीतर दोनदा ऐकू येतं. एवढं केलं की मागचा माणूस मागंच बसतो. पोराला खांद्यावर घेऊन निवांत ऐकतो. मागं स्क्रीन लावला तर अजूनच बरं. ब्राझीलात रिओला कोपाकबानाच्या किनाऱ्यावर 2025 च्या मे महिन्यात लेडी गागा या गायिकेचा फुकट कार्यक्रम झाला, तिथल्या नगरपालिकेचा अंदाज एकवीस लाख लोकांचा, पण तिथं किनाऱ्यावर लांबपर्यंत स्क्रीन आणि स्पीकरचे टॉवर होते, तिला जवळून बघायला सगळे एका ठिकाणी चेपले नाहीत. आमच्याकडं कोटेशन देताना पहिलं काय कापतात माहीत आहे? मागचे टॉवर. "मागच्यांना काय करायचंय." मेन आर्टिस्टचं मानधन मात्र एक रुपया कमी होत नाही. मी टॉवरचे पैसे सोडून देतो म्हणलं तरी जागा जाते म्हणून नको म्हणतात, तिथं स्टॉल बसतो.

आणि वुडस्टॉक फेस्टिवलचं सांगतो, आमच्या धंद्यातले सगळे त्याचे व्हिडिओ बघून शिकलेत. 1969 चा ऑगस्ट, अमेरिका, चार लाखांवर माणसं, पंडित रविशंकर पहिल्या रात्री पावसात वाजवले तेच. तिथं सुरुवातीला जे गाणार होते ते रस्त्यावरच्या गर्दीत अडकले, पब्लिक तर बसलंय, मग रिची हेवन्स नावाचा गिटारवाला पुढं ढकलला. त्याला पहिलं गायचं नव्हतं. तो गातच राहिला, आयोजक म्हणत होते अजून गा, गाणी संपली तेव्हा एक जुनं भजनासारखं गाणं घेऊन त्यावर जागेवरच रचलं. आणि सगळ्यात मोठं नाव जिमी हेंड्रिक्स, त्याची पाळी आली सोमवारी सकाळी, तेव्हा बरेचसे लोक घरी गेलेले. आता तुम्हीच सांगा ते चार लाख लोक कोणी धरून ठेवले.

माझा पुतण्या म्हणतो काका तुम्ही जुन्या विचाराचे. त्याचंही सांगतो. 22 सप्टेंबर 2024 ला कोल्डप्ले या विलायती बँडची तिकिटं निघाली तेव्हा तो सकाळपासून मोबाईल घेऊन बसला, रांगेत नंबर आला सहा लाखांच्या पुढचा. नवी मुंबईचे तीन शो, नाही मिळालं. अहमदाबादला लाख-लाखाचं स्टेडियम, तेही नाही मिळालं. मग 26 जानेवारी 2025 ला अहमदाबादचा शो मोबाईलवर लाईव्ह दाखवला तो आम्ही दोघांनी घरात टीव्हीला जोडून बघितला. मी काही त्यांची गाणी ओळखत नाही पण डोळ्यात पाणी आलं, लोक काय मनापासून गात होते. त्या दौऱ्यात आधी आपली जसलीन रॉयल गायली होती, आणि तिला नंतर नेटवर लोकांनी काय काय बोललं. पुतण्याही बोलत होता. मी त्याला म्हणलं लाख माणसांसमोर, जे तुझ्यासाठी आलेलेच नाहीत त्यांच्यासमोर, तू एक ओळ बोलून दाखव. तो गप्प बसला. मोठ्या नावाच्या आधी गाणं हे सगळ्यात अवघड काम आहे आणि आपण ते ताप आलेल्या अकरावीच्या पोरीला बिनसाऊंडचेकचं देतो.

हे सोलापूर आहे साहेब. शाहीर राम जोशींचं गाव. सनईपेक्षा लहान अशी सुंदरी जाधव घराण्यानं इथं जपली, बाहेरगावच्या माणसाला ते वाद्यच माहीत नसतं. शाहीर अमर शेख बार्शीचे. मोडनिंबच्या बाया जी लावणी गातात ती ऐकायला लांबून लोक येतात. एका गल्लीत मराठी, पुढच्या गल्लीत कन्नड, पलीकडं तेलुगू भजन चालतं. आपल्याकडं तीन तास भरायला कलाकार नाहीत असं कोणी म्हणू नये. त्यांना भरती म्हणू नका एवढंच.

मी काय मागतोय ते सरळ लिहितो. पोस्टरवर आणि पासवर प्रत्येकाचं नाव आणि वेळ छापा, मेन आर्टिस्टची खरी वेळ छापा, नऊ म्हणजे नऊ. ज्याला फक्त तोच ऐकायचाय तो साडेआठला जेवून येईल, ज्याला हलगी ऐकायचीय तो सहाला येईल, गेटवर एकदम लोंढा येणार नाही. सोफे ठेवायचे तर बाजूला ठेवा, स्टेजच्या समोर मधोमध नको. लोकल कलाकाराला दहा मिनिटं का होईना साऊंडचेक द्या, आणि त्याचं मानधन करारात लिहा, नारळ-शाल हे मानधन नाही. दहाची मर्यादा सगळ्यांना माहीत आहे, वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं ते वेगळं, पण ज्या दिवशी सूट नाही त्या दिवशी सत्कार सुरुवातीलाच उरका. शेवटी गाण्याचीच मिनिटं जातात. आणि एक माणूस ठरवा, ज्याला कार्यक्रम थांबवायचा अधिकार आहे, त्याचं नाव आम्हाला आधी सांगा, त्यानं हात वर केला की मी आवाज बंद करीन, लाईटवाला लाईट लावील, आणि स्टेजवरून शांतपणे सांगतील की दोन पावलं मागं या. आज मिक्सरवर उभा राहून मला समोर लेकरं वर उचललेली दिसतात आणि माझ्या शेजारी जो उभा असतो तो म्हणतो चालू ठेव. अभंग बंद करायला मात्र अधिकारी लगेच सापडतो.

हे सगळे आयोजक वाईट आहेत असं नाही. बरेच जण खिशातले पैसे घालतात, गावात काहीतरी व्हावं म्हणून धडपडतात, त्यांच्यामुळं माझं घर चालतं. त्यांना पण पोस्टरवर मोठं नाव असल्याशिवाय कोणी जाहिरात देत नाही. म्हणून तुम्हाला लिहितोय. बातमीत हजारांचा आकडा छापण्याआधी मैदान किती मोठं आहे ते विचारा, आणि आधी कोण कोण गायलं त्यांची नावं द्या. चार ओळी. त्या पोरीच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी तीन पेपर विकत घेतले होते.

त्यांचं राहिलंच. डिजिटल मिक्सरवर आम्ही पेन ड्राईव्हला प्रत्येक माईकचं वेगळं रेकॉर्डिंग घेतो. ते फेडरच्या आधीचं असतं, म्हणजे फेडर खाली ओढला तरी रेकॉर्डिंग चालूच राहतं. गाणाऱ्याच्या समोर जो मॉनिटर असतो त्याला पण आवाज फेडरच्या आधीच जातो. मी ते विसरलो होतो. महिनाभरानं हिशोबाचं बघताना ती फाईल उघडली. मी आवाज बंद केल्यावरसुद्धा तिला तिचा आवाज समोरून येत होता, डोळे मिटलेले, तिला कळलंच नाही की मैदानात तो पोचत नाही. शेवटची दोन कडवी तिनं पूर्ण म्हणली आहेत, एक मिनिट पन्नास सेकंद, ताप होता असं वाटतच नाही, तिसऱ्या वेळेला धृपद घेताना वरचा सूर असा लावलाय की मी हेडफोन काढून ठेवले. मग अँकरचा आवाज येतो, "बेटा, बास".

ते रेकॉर्डिंग मी नीट करून, तिची पेटी आणि तबला मिळवून, तिच्या वडिलांना नेऊन दिलं. पूर्ण अभंग आहे. ते म्हणाले आम्ही तर मोबाईलवर घेतलंय त्यात मधेच आवाज गेलाय, लाईट गेली होती का हो दादा. मी सांगितलं, नाही, लाईट नव्हती गेली.

आपला,
एक साऊंडवाला
जुळे सोलापूर